जुनी गाडी सुरू होईना? ग्वाल्हेरकरांसाठी स्टार्टिंग आणि पेट्रोलच्या तक्रारींचं मार्गदर्शन

लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या दारात, थाटीपूर-मुरारच्या पोर्चमध्ये अजूनही जुन्या पेट्रोल गाड्या उभ्या दिसतात. कुठे कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) मारुती ८००, कुठे प्रीमिअर पद्मिनी, कुठे व्यापार मेळ्यातून घेतलेली आणि मग घरातच मुरलेली एखादी गाडी. आजोबांनी किंवा काकांनी सांभाळलेली अशी गाडी घरातल्या तरुण मंडळींकडे येते, आणि डिसेंबरातल्या एखाद्या धुक्याच्या सकाळी ती सुरूच होत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. हातात कधी पाना धरला नसला तरी चालेल, पण क्रम मोडू नका.

जुन्या गाडीवर सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो अंदाजाने भाग बदलण्यात. बॅटरी नवी आणली, प्लग नवे टाकले, पंप बदलला आणि शेवटी सापडली ती एक सैल अर्थिंग. गाडी सुरू व्हायला इंजिन पुरेशा वेगाने फिरावं लागतं, त्याला वेळेवर करंट, म्हणजे प्लगवरची ठिणगी, लागतो, पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात लागते आणि सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रणावर दाब, लागतं. यातलं काय कमी पडतंय हे बहुतेक वेळा काही न बदलता कळतं.

पेट्रोलशी काम, म्हणून आधी एवढं

गाडी मोकळ्या हवेत ढकला. बंद गॅरेजमध्ये पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचून राहते. जवळपास बिडी-सिगारेट, उदबत्ती, पेटता गिझर काही नको. हाताशी पावडरचा अग्निशामक ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर ते पाण्यावर तरंगत आणखी पसरतं. गिअर न्यूट्रल, हॅंडब्रेक ओढलेला, चाकामागे वीट. आणि करंटची तपासणी नेहमी पेट्रोलचा पाइप उघडण्याआधी करायची, नंतर कधीच नाही. ठिणगी आणि उघडं पेट्रोल एका वेळी बॉनेटखाली असता कामा नये.

पहिली पायरी: तक्रार नेमकी कोणती?

‘गाडी चालू होत नाही’ हे वाक्य तीन निरनिराळ्या आजारांना वापरलं जातं. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, फिरतच नाही, नुसता टक आवाज येतो किंवा तोही नाही. सेल्फ छान फिरतो, पण इंजिन पकडत नाही. किंवा इंजिन पकडतं आणि थोड्या वेळात बंद पडतं. किल्ली फिरवताना रेडिओ, पंखा बंद ठेवा, काच खाली करा आणि कान द्या. पहिला आजार बॅटरी-वायरींचा, दुसरा करंटचा किंवा पेट्रोलचा, तिसरा बहुधा पेट्रोलचा. सेल्फ व्यवस्थित फिरत असताना नवी बॅटरी आणण्यात काही अर्थ नाही.

सेल्फ फिरत नसेल तर

हेडलाइट लावा आणि कुणाला तरी समोर उभं करून किल्ली फिरवा. दिवे एकदम मंदावले, विझायला आले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या जोडण्या खराब आहेत. दिवे जसेच्या तसे लख्ख राहिले आणि आवाजच आला नाही, तर सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (सेल्फवरच्या चुंबकी स्विचपर्यंत) वीज पोचत नाही. इग्निशन स्विच किंवा सोलेनॉइडची बारीक वायर बघा. एकामागून एक टकटकटक आवाज म्हणजे बॅटरीत सोलेनॉइड ओढण्यापुरता दम आहे, मोटर फिरवण्यापुरता नाही.

मल्टिमीटर घ्याच. साधा मीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली समजा. गाडी सुरू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. तसं नसेल तर दोष डायनॅमो किंवा अल्टरनेटरकडे आहे आणि नवी बॅटरीसुद्धा आठवड्यात उतरेल.

बॅटरी बदलण्याआधी तिची टोकं उघडून पाहा. पांढरट-हिरवट फुलोरा धरला असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलिन लावा. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. मग ज्या जागी कुणी बघत नाही तिथे बघा: इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड अर्थिंगची पट्टी. वीस-तीस वर्षांत तिच्या बोल्टखाली गंज आणि रंगाचा थर बसतो. बोल्ट काढून पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला की मेलेला वाटणारा सेल्फ पुष्कळदा उठतो.

दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावायची असेल तर क्रम असा: लाल वायर आपल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी वायर चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्या डोक्यावर पडू द्यायची नाही.

सेल्फ फिरतो, पण पकडत नाही: आधी करंट

ही तपासणी डेल्कोवाल्या, म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाडीची. एका प्लगची वायर काढा, तिच्या टोकात एक जादा प्लग बसवा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या धातूला टेकवून रबरी मुठीच्या पक्कडीने धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, टच्च आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, केसासारखी बारीक ठिणगी बाहेर दिसली तरी आत दाबाखाली ती पुरत नाही.

ठिणगी नसेल तर डेल्कोचं झाकण उघडा. आत ओल असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. श्रावणात एवढ्यानेही गाड्या सुरू होतात. झाकणाच्या आतल्या बाजूने पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर झाकण तडकलेलं आहे, करंट तिथून पळतो, झाकण बदलायचं. पॉइंटवाली (उघडझाप करून ठिणगीची वेळ साधणारे संपर्क असलेली) गाडी असेल तर पॉइंटची तोंडं बघा. काळी, करपलेली असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. एका बाजूला खड्डा आणि समोर टेकाड तयार झालं असेल तर कंडेन्सरवर (पॉइंट जळू न देणाऱ्या छोट्या डबीवर) संशय घ्या, नाहीतर नवे पॉइंटही लवकरच तसेच होतील. कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडलेले असताना गॅप फीलर गेजने (मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतात. बऱ्याच गाड्यांत ती ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच प्रमाण माना. तपासताना इंजिन बंद आणि किल्ली चालू अशी गाडी सोडू नका. पॉइंट बंद अवस्थेत असले तर कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारा भाग) तापत राहते.

प्लगच्या वायरी एकदम सगळ्या उपटू नका. प्रत्येकीला चिकटपट्टी लावून क्रमांक लिहा. मारुती ८०० चा फायरिंग क्रम १-३-२, पद्मिनीचा १-३-४-२. दोन वायरींची अदलाबदल झाली की चांगली गाडीही फटाके फोडते.

प्लग काढलाच आहे तर त्याचं तोंड नीट बघा, कारण सिलिंडरच्या आतली हकिगत तिथेच दिसते. फिकट तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे गाडी ओव्हरफ्लो झाली आहे, सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त गेलंय. बराच वेळ सेल्फ मारूनही कोरडा ठणठणीत म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा, आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो. तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, ते काम मोठं आणि मेकॅनिकचं.

करंट आहे, मग पेट्रोल

काट्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा हा सर्वात आधी खोटं बोलणारा भाग. टाकीत दोन-तीन लिटर ताजं पेट्रोल घाला आणि मगच पुढे जा.

आता एक तपासणी जी मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात एकही पाइप उघडावा लागत नाही. इंजिन बंद, किल्ली काढलेली. एअर फिल्टरचं झाकण उतरवा, कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि अॅक्सिलरेटरची दांडी हाताने झटक्यात ओढा. घशात पेट्रोलची सुईसारखी बारीक धार उडायला हवी. ती अॅक्सिलरेटर पंपाची धार. धार उडाली म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल आहे, टाकीपासून तिथपर्यंतचा रस्ता बहुधा मोकळा आहे, आणि दोष चोकमध्ये (थंड इंजिनासाठी हवा कमी करणाऱ्या झडपेत), जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) किंवा परत करंटमध्ये शोधायचा. धार नाही उडाली तर चेंबर बहुधा कोरडं आहे. काही कार्बोरेटरना चेंबरच्या बाजूला छोटी गोल काच असते; पेट्रोलची पातळी तिच्या मध्यावर दिसली पाहिजे.

चेंबर कोरडं असेल तर टाकीकडून निघा. प्रथम टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं श्वासछिद्र बंद झालंय. टाकीत निर्वात होतो आणि पंप ओढेनासा होतो. गाडी काही किलोमीटर छान जाते, बंद पडते, उभी राहिली की परत सुरू होते: या लक्षणाला आधी हे झाकण तपासा. छिद्र साफ केलं की काम झालं.

मग फिल्टर. पारदर्शक फिल्टर असेल तर तळाशी तांबूस गाळ दिसेल. ती टाकीतली गंज आहे. फिल्टर स्वस्त असतो, बदलताना बाणाची दिशा इंजिनकडे. महिन्याभरात तो पुन्हा भरला तर टाकी उतरवून धुवायला हवी, नुसते फिल्टर बदलत बसू नका.

त्यानंतर रबरी पाइप, आणि इथे नवशिके हमखास चकतात. पंप इंजिनवर असलेल्या गाडीत टाकी ते पंप हा भाग ओढीचा असतो. तिथल्या पाइपला बारीक चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळतच असं नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. खाली थेंब नाही, वास नाही, तरी पेट्रोल वर चढत नाही. पाइप वाकवून बघा. पृष्ठभागावर जाळीसारख्या भेगा दिसल्या तर बदला, आणि क्लिपही नव्या लावा.

उरला पेट्रोल ओढणारा पंप, मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात. आता कॉइलची बारीक वायर काढून करंट पूर्ण बंद करा. इंजिन थंड हवं. कार्बोरेटरला येणारा पाइप सोडून त्याचं तोंड पत्र्याच्या डब्यात धरा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारायला सांगा. ठेक्यात जोरदार पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. नुसते थेंब आले आणि मागचे पाइप-फिल्टर ठीक असतील, तर पंपाचा पडदा किंवा व्हॉल्व्ह गेला आहे. याच वेळी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी अजिबात चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं. पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्यावरच पुढे.

पंपातून पेट्रोल येतं, तरी चेंबर कोरडं, तर कार्बोरेटरची नीडल, म्हणजे चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारी-अडवणारी सुई, चिकटली आहे. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे वार्निशसारखा थर राहतो, त्यात नीडल अडकते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेंबरच्या बाजूला हलकेच टकटक केल्यावर कधी कधी सुटते, पण तो उपाय घरी पोचण्यापुरता. याच्या उलट नीडल उघडी राहिली तर पेट्रोल वाहून जातं, बॉनेटखाली वास सुटतो, प्लग ओले होतात.

गाडी रेस दिल्यावर चालते पण पाय काढला की बंद पडते? आयडल जेटमध्ये, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवणाऱ्या जेटमध्ये, कचरा आहे, किंवा ज्या कार्बोरेटरला आयडल सोलेनॉइड आहे तिथे तो चालत नाही. किल्ली चालू केल्यावर सोलेनॉइडमधून बारीक टक ऐकू यायला हवी. सपाटीवर ठीक, पण किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याच्या चढावर दम तोडते? मग मेन जेट, फिल्टर किंवा अशक्त पंप. जेट साफ करायला कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा वापरा. तार किंवा टाचणी घालू नका. छिद्र केसभर मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं.

आपल्या गावची थंडी आणि आपल्या गावचं ऊन

ग्वाल्हेरची गाडी एका वर्षात दोन टोकं बघते. जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर, मे महिन्यात पंचेचाळिसाच्या वर. बॅटरी खरं तर उन्हाळ्यात झिजते आणि थंडीत उघडी पडते, कारण थंडीत तिची ताकद कमी होते आणि घट्ट झालेलं ऑइल ढकलायला सेल्फला जास्त जोर लागतो. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास बॅटरी तपासून घेतली तर डिसेंबरची सकाळ सुखाची जाते.

थंड इंजिनाला हाताचा चोक पूर्ण ओढा, अॅक्सिलरेटरला पाय लावू नका, सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सेल्फची मोटर पटकन तापते. पकडलं की चोक हळूहळू आत. पेट्रोलचा वास सुटला म्हणजे ओव्हरफ्लो झाली. मग चोक पूर्ण आत ढकला, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंपिंग करू नका, आणि सेल्फ मारा. भरपूर हवा जाऊन सिलिंडर कोरडे होतात.

उन्हाळ्यात उलटं. महाराज बाड्यावरच्या गर्दीत दुपारी पंधरा मिनिटं रांगत गेलात, गाडी बंद पडली आणि सेल्फ छान फिरूनही पकडत नाही, तासाभराने मात्र काही झालंच नाही अशी सुरू होते. पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होऊन अडकते, पंपाला वाफ ढकलता येत नाही. बॉनेट उघडा, पंपावर आणि पेट्रोलच्या पाइपवर ओलं फडकं ठेवा (एक्झॉस्टवर पाणी ओतू नका, तापलेलं ओतीव लोखंड तडकतं), थंड झाल्यावर अॅक्सिलरेटर अर्धा दाबून सेल्फ मारा, चोक नको. कायमचा उपाय म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून दूर नेणं आणि काढून टाकलेला उष्णतेचा पत्रा परत बसवणं. पण तापल्यावर बंद पडण्याचं दुसरं कारण कॉइल किंवा कंडेन्सर असतं. त्यामुळे फडकं ठेवण्याआधी, बंद पडलेल्या त्या क्षणी, ठिणगी तपासली तर दोघांतला फरक तिथेच कळतो.

एमपीएफआय असेल तर

एमपीएफआय म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी गाडी. साधारण २००० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही. किल्ली चालू करा, सेल्फ मारू नका, मागच्या सीटकडे कान द्या: दोन-तीन सेकंद पंपाचा घूं आवाज यायला हवा. नाही आला तर फ्यूज, मग रिले. शेजारी त्याच क्रमांकाचा रिले असेल तर अदलाबदल करून बघता येते. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नाही, दुसरी किल्ली लावून बघा. इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय सेन्सर बदलू नका. टाकी सतत रिकामीच्या जवळ ठेवू नका, पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. आणि प्लग बाहेर काढून ठिणगी बघण्याची वरची पद्धत या गाड्यांवर करू नका, कॉइल आणि ईसीएम (इंजिनचा संगणक) दोन्हींना धोका आहे. बॅटरी पूर्ण मेली असेल तर धक्का मारूनही या गाड्या सुरू होत नाहीत, कारण पंपाला आणि ईसीएमला वीज लागते.

गॅस किट बसवलेली गाडी घेतली असेल तर आधी तिचा स्विच समजून घ्या. बऱ्याच जुन्या किटमध्ये तो मधल्या जागी असला की पेट्रोल आणि गॅस दोन्ही बंद राहतात. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीचे पेट्रोलचे पाइप आणि नीडल सुकून गेलेले असतात, म्हणून रोज सकाळी थोडं पेट्रोलवर चालवा.

पेट्रोल बदललंय, पाइप जुनेच आहेत

आता पंपावर मिळणारं पेट्रोल बहुतेक २० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ते सोसेल अशा साहित्याच्या बनतात. आपली गाडी त्याच्या कितीतरी आधीची. इथेनॉल जुनं रबर फुगवतं किंवा कडक करतं, टाकीतला जुना थर सोडवून फिल्टरमध्ये आणतं आणि हवेतली ओल शोषतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. म्हणून पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉल सोसणारं मागून घ्या, गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, आणि दर आठवड्याला एकदा तरी इंजिन पूर्ण तापेपर्यंत फिरवून आणा. नुसती जागेवर दोन मिनिटं सुरू करून बंद केली तर बॅटरीचंच नुकसान होतं.

मेकॅनिककडे जाताना

टायमिंग (ठिणगीची वेळ लावणं), कॉम्प्रेशन, कार्बोरेटरचं किट, टाकी धुणं ही कामं सुरुवातीला जाणत्या हाताकडेच द्या. लष्करात कार्बोरेटर खोलणारे जुने उस्ताद अजून आहेत, त्यांच्याजवळ उभं राहून बघितलं तर ते शिकवतातही. पण त्यांना निदान सांगू नका, लक्षण सांगा. ‘पंप खराब है’ म्हटलं की पंपच बदलला जातो. त्याऐवजी सांगा: ‘उस्ताद, ठंडी में सेल्फ ठीक घूमता है, करंट नीला है, पर रेस का तार खींचो तो कार्बोरेटर में धार नहीं आ रही.’ गाडी थंड होती की गरम, टाकीत किती पेट्रोल होतं, शेवटचं काम कोणतं झालं होतं, हे वहीत लिहून न्या. डेल्को उतरवण्याआधी त्याच्या बुडावर आणि इंजिनवर मिळून एक रेघ मारून घ्यायला सांगा, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या.